४० पौंडांची शिल्लक

अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या टायरांविषयी बोलायचं तर आधी एक बेरीज करून पाहावी लागते. पिकअप किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागे जोडून न्यायचं हे चाकांवरचं घर. त्याच्या मधल्या आकाराच्या असंख्य नमुन्यांना दोन ॲक्सल असतात आणि प्रत्येक ॲक्सलची क्षमता ३,५०० पौंड असते. दोन्ही मिळून ७,००० पौंड, म्हणजे साधारण ३,१७५ किलो. अशा ट्रेलरना वर्षानुवर्षं जो टायर बसवला गेला तो एसटी (म्हणजे खास ट्रेलरसाठीचा) २०५/७५ आर १४, लोड रेंज (भारक्षमतेची श्रेणी) सी. एका टायरने पेलायचं कमाल वजन १,७६० पौंड. चार टायरांचे झाले ७,०४०. शिल्लक राहिली ४० पौंड, म्हणजे १८ किलो. ट्रेलरमधली ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की तिचंच वजन सव्वातीनशे पौंडांच्या वर जातं.

यावर असं उत्तर मिळतं की ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग पुढच्या हिचवाटे ओढणाऱ्या गाडीवर जातो, त्यामुळे टायरांना तेवढा आराम मिळतो. तो मिळाला असता. पण कारखाने हिचवरचं वजन ॲक्सलच्या क्षमतेत मिळवूनच ट्रेलरचं एकूण मान्य वजन ठरवतात, आणि आराम तिथेच संपतो. शिवाय वजन चार चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. ओटा, फ्रिज आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला असली तर त्या बाजूचं एखादं चाक शेजाऱ्यापेक्षा काही शे पौंड जास्त वाहत असतं. कागदावर नियमात असलेला ट्रेलर एका चाकापुरता नियमाबाहेर असू शकतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

रस्त्यात टायर फुटला की कारणं पुढे येतात: माल स्वस्तातला होता, चिनी होता, ऊन होतं, खिळा लागला असेल. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं ठरतं. पण मोटारीचा टायर हेच सगळं सोसून बहुधा घरी पोचतो, कारण त्याच्यावर त्याच्या कुवतीपेक्षा बराच कमी भार असतो. ट्रेलरच्या टायरला ती उसंत नाही. हवा थोडी कमी, वेग थोडा जास्त, वय थोडं पुढे गेलेलं, यातलं कुठलंही एक पुरतं. म्हणून माझ्या मते या प्रश्नाचं मूळ त्या बेरजेत आहे आणि बाकीची कारणं तिच्या आधाराने मोठी होतात.

टायरच्या आत काय घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वजन पेलते ती आतली दाबाखालची हवा. रबर, दोरे आणि पोलादी पट्टे त्या हवेला धरून ठेवतात. चाकाचा प्रत्येक फेरा पुरा होताना टायरचा खालचा भाग चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो, आणि रबर वाकताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, काही उष्णता म्हणून आतच राहते. वर सांगितलेल्या आकाराचा टायर मैलाला सुमारे ८०० फेरे घेतो, म्हणजे ताशी ६५ मैलांच्या वेगाला तासाभरात ५० हजारांहून अधिक वेळा वाकतो. हवा कमी असेल किंवा वजन जास्त असेल तर प्रत्येक वेळी अधिक वाकतो आणि अधिक तापतो. जाड रबरातून ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

त्यानंतर टायर दोन वेगळ्या वाटांनी निकामी होतो, आणि या दोन वाटांमध्ये गल्लत केल्यामुळेच उपायही चुकतात. पहिली वाट हवा कमी होण्याची. बारीक पंक्चर किंवा गळका व्हॉल्व्ह असतो, हवा हळूहळू उतरते, टायरच्या बाजू भलत्याच वाकू लागतात, आतले पॉलिस्टरचे दोरे तापून कमजोर होतात आणि शेवटी बाजूच फाटते. दुसऱ्या वाटेत हवा पूर्ण असते. नक्षीच्या खाली एकावर एक दोन पोलादी पट्टे असतात. त्यांच्या कडांपाशी रबराची पकड सुटू लागते, आत एक फट तयार होते, ती महिनोन्‌महिने वाढत राहते आणि एखाद्या दुपारी नक्षीचा अख्खा पट्टा सुटून येतो. आदल्या रात्री हवेचा दाब मोजलेला असला तरी या दुसऱ्या प्रकाराचा सुगावा लागत नाही. लागला तर तो हाताने लागतो: नक्षीवरून तळवा फिरवताना जाणवणारा उंचवटा, किंवा चाक उचलून फिरवल्यावर दिसणारी डुगडुग.

हे पट्टे सुटण्याचं एक कारण खास ट्रेलरचंच आहे. दोन ॲक्सल एकमेकांना समांतर आणि पक्के, वळायची सोय कुठल्याच चाकाला नाही. कॅम्पग्राउंडच्या अरुंद जागेत किंवा पेट्रोल पंपावर ट्रेलर आवळून वळवला की पुढचं चाक एका बाजूला घासत जातं आणि मागचं विरुद्ध बाजूला. बाजूला उभं राहून पाहिलं तर रिम एकीकडे आणि टायरचा तळ दुसरीकडे गेलेला साध्या डोळ्यांनी दिसतो. त्या ताणात वरचा पट्टा आणि खालचा पट्टा वेगवेगळ्या दिशांना ओढले जातात. महामार्गावरच्या मोठ्या वळणांवरही हे थोड्या प्रमाणात चालूच असतं. मोटारीच्या मागच्या टायरला असला जाच जवळजवळ नसतो. मोटारीच्या अनुभवावरून ट्रेलरच्या टायरचं आयुष्य ठरवता येत नाही ते यामुळे.

आणि फुटल्यावर चालकाला कळत नाही. स्टीअरिंगपासून ते चाक पंचवीस-तीस फूट मागे असतं. शेजारून जाणारा कोणी हॉर्न वाजवून हातवारे करतो तेव्हा, किंवा आरशात काळे तुकडे उडताना दिसतात तेव्हा कळतं. तोवर सुटलेला पट्टा दर फेऱ्याला चाकावरच्या कमानीवर आसुडासारखा बसत असतो. ती कमान पातळ, आणि तिच्या आसपासच पाण्याचे पाइप, सांडपाण्याचे व्हॉल्व्ह, विजेच्या तारा आणि कधीकधी गॅसची नळीही. टायरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च या तोडफोडीचा येतो. दोन ॲक्सल असल्याने शेजारचं चाक ट्रेलरला सावरून धरतं, म्हणून अनेकदा गोष्ट खर्चावर निभावते. एका ॲक्सलच्या ट्रेलरला तो आधारही नसतो.

मोटरहोमचा, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या घराचा, पुढचा टायर फुटला तर मात्र स्टीअरिंगच हातातून जातं. गुडइयरच्या जी १५९ या टायरचं प्रकरण या संदर्भात ठाऊक असायला हवं. हा टायर मुळात शहरात माल पोचवणाऱ्या ट्रकांसाठी होता, पण तो महामार्गावर तासन्‌तास धावणाऱ्या मोटरहोमना बसवला गेला. २००३ मध्ये अपघात झालेल्या एका कुटुंबाचा खटला वर्षानुवर्षं चालला. कंपनीने टायर किती तापतो याच्या चाचण्यांचे निष्कर्ष दडवल्याचं खालच्या न्यायालयाने नोंदवलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो मुद्दा फक्त कंपनीकडून वसूल करायच्या वकिली खर्चाचा हिशेब कसा करायचा एवढाच होता. अखेर २०२२ मध्ये केंद्रीय रस्ता सुरक्षा यंत्रणेने, एनएचटीएसएने, दबाव आणल्यावर सुमारे १ लाख ७३ हजार टायरांचं रीकॉल झालं. शेवटचा टायर बनून तोवर जवळपास दोन दशकं होत आली होती. इतक्या उशिराने परत बोलावलेले किती टायर तेव्हा रस्त्यावर उरले असतील?

कायद्याचा इतिहासही ट्रेलरवाल्यांना फारसा अनुकूल नाही. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर त्यांची नक्षी सुटून जीवघेणे अपघात झाले होते. त्या धक्क्यातून त्याच वर्षी ट्रेड (TREAD) ॲक्ट हा कायदा झाला. त्याने दोन मोठ्या गोष्टी घडवल्या. हलक्या वाहनांच्या टायरांसाठी कडक चाचण्यांचं नवं मानक आलं, आणि २००७-०८ पासून नव्या मोटारींत हवेचा दाब उतरल्यावर इशारा देणारी टीपीएमएस यंत्रणा सक्तीची झाली. ट्रेलर या दोन्हींतून सुटला. ‘एसटी’ शिक्क्याचे खास ट्रेलर टायर नव्या मानकातून वगळून जुन्याच मानकाखाली ठेवले गेले आणि टीपीएमएसची सक्ती ट्रेलरला लागू झाली नाही. टायर फुटल्याचं चालकाला सर्वांत उशिरा कळतं तेच वाहन इशाऱ्याविना राहिलं. या सगळ्या प्रश्नातली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे, आणि ती दुरुस्त करणं तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अजिबात अवघड नाही.

वजनाबाबतही केंद्रीय नियमाची अपेक्षा एवढीच की टायरांच्या क्षमतांची बेरीज ॲक्सलच्या क्षमतेपेक्षा कमी नसावी. बरोबरीची चालते. हाच नियम ट्रेलरला मोटारीचे टायर लावायचे असतील तर त्यांची क्षमता १.१० ने भागून धरायला सांगतो, म्हणजे राखीव ठेवायला लावतो. ट्रेलरच्याच टायरांना मात्र ती अट नाही. २०१७ मध्ये चाकांवरच्या घरांच्या, म्हणजे आरव्हींच्या, उद्योगाच्या संघटनेने, आरव्हीआयएने, आपल्या सदस्य कारखान्यांसाठी १० टक्के राखीव क्षमतेची अट घातली. पाऊल चांगलं होतं, उशिरा पडलेलं होतं. त्याआधीचे ट्रेलर आजही सेकंडहँड बाजारात फिरत आहेत, आणि नवशिके खरेदीदार बहुधा तिथूनच सुरुवात करतात.

हे ट्रेलर बनतात मुख्यतः इंडियाना राज्यात, एल्कहार्टच्या परिसरात. करोनाच्या काळात विमानं आणि हॉटेलं टाळून लोक रस्त्यावर उतरले आणि २०२१ मध्ये उद्योगाने ६ लाखांहून अधिक आरव्ही बाजारात पाठवल्या, हा उच्चांक होता. खरेदीदार ओटा पाहतो, गाद्या पाहतो, सरकत्या खोलीचं बटण दाबून पाहतो. टायर कोणता असं विचारणारा विरळा. मग कारखाना तिथेच पैसे वाचवतो. स्वस्त आयात टायरांना तिथल्या लोकांनी ‘चायना बॉम्ब’ असं नाव दिलं ते या पार्श्वभूमीवर. राग समजण्यासारखा आहे, निदान मात्र अपुरं आहे. चीनमधल्याच साइलून कंपनीचा पूर्ण पोलादी बांधणीचा, ११० पीएसआयचा ट्रेलर टायर जड ट्रेलरवाल्यांमध्ये भरवशाचा मानला जातो. गुडइयरने २०१७ मध्ये आणलेला एन्ड्युरन्स अमेरिकेत बनतो आणि त्यालाही चांगलं नाव आहे. दोघांत समान काय, तर बांधणीवर केलेला खर्च आणि भारापेक्षा जास्त ठेवलेली कुवत. देशाचं नाव वाचून टायर निवडणाऱ्याने लोड रेंजचं अक्षर वाचलं तर त्याचा अधिक फायदा होईल.

वेगाचं तसंच. एसटी टायरांना वेगाची वेगळी खूण नसेल तर त्यांची मर्यादा ताशी ६५ मैल, सुमारे १०५ किलोमीटर, असा जुना संकेत आहे. अलीकडच्या टायरांवर एल, एम, एन अशी अक्षरं असतात, म्हणजे अनुक्रमे ७५, ८१ आणि ८७ मैल. टेक्सासमधल्या स्टेट हायवे १३० च्या एका भागावर ८५ मैलांची मुभा आहे, तर कॅलिफोर्निया ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ मैलांच्या पुढे जाऊ देत नाही. कॅलिफोर्नियाच्या या नियमाचा तिथले लोक त्रागा करतात. मला तो शहाणपणाचा वाटतो. आजच्या ताकदवान पिकअपमध्ये ७५ चा वेग जाणवतही नाही, मागचा टायर मात्र पूर्ण वजनाखाली तो वेग मोजत असतो. टायरवरचं अक्षर मोठं असलं तरी ते प्रयोगशाळेतल्या ठरावीक वेळेपुरतं असतं. ॲरिझोनाच्या जुलैमध्ये सहा तास सलग धावण्याची हमी त्यात नाही.

वयाविषयी बोलताना आपल्याकडची एक सवय आड येते. नक्षी शाबूत तर टायर शाबूत असं आपण मानतो. ट्रेलरचा टायर झिजून गोटा होण्याआधीच म्हातारा होतो. रबर ओझोन आणि उन्हाने तडकू नये म्हणून त्यात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात, पण टायर फिरतो, वाकतो तेव्हाच ते पृष्ठभागावर येतात. वर्षातले आठ-दहा महिने एका जागी उभ्या असलेल्या ट्रेलरला हे संरक्षण मिळत नाही. चार-पाच वर्षांनंतर एसटी टायर बदलावेत असं अनेक जाणकार सांगतात आणि सहा वर्षांपुढे तर कोणी जाऊ नये. वय कळतं डीओटी क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. आठवडा आणि साल सांगणारे असेच चार आकडे भारतातल्या टायरांवरही असतात. ट्रेलरवर ते कधी आतल्या बाजूला येतात, तेव्हा खाली वाकून, टॉर्च मारून वाचावे लागतात. उभ्या ट्रेलरचे टायर झाकून ठेवावेत आणि त्यांत हवा पूर्ण ठेवावी.

आता निगा. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी गोष्ट म्हणजे हवा. मोटारीला ३२-३५ पीएसआयची सवय झालेल्या माणसाला ट्रेलरच्या टायरवरचे ५०, ६५ किंवा ८० हे आकडे चूक वाटतात. ते चूक नसतात. टायरवर लिहिलेली कमाल वजनक्षमता त्या पूर्ण दाबालाच मिळते, आणि जिथे शिल्लकच नाही तिथे दाब पूर्ण हवा. हवा मोजायची ती सकाळी, निघण्याआधी, टायरांवर ऊन येण्यापूर्वी. वाटेत टायर तापून दाब वाढतो; तो वाढायलाच हवा आणि ती हवा काढायची नाही. उलट थंडीचा विचार करावा. २१ अंश सेल्सियसला ६५ पीएसआय भरलेला टायर शून्याच्या किंचित खाली ५९ वर येतो. यलोस्टोनमध्ये उन्हाळ्यातही पहाटे पारा गोठणबिंदूखाली जाऊ शकतो. पंपावरच्या यंत्राला ८० पीएसआय पेलतंच असं नाही, म्हणून स्वतःचा कॉम्प्रेसर जवळ असणं बरं. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज मला वाटत नाही, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

त्यानंतर वजन. ट्रकांच्या थांब्यांवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. पाणी, सामान, सायकली असं सगळं प्रवासाला निघताना असेल तसं भरून ट्रेलर तिथे उभा करावा. थोड्या डॉलरांत ॲक्सलचं वजन हातात येतं. चाकागणिक वजन करून देणारी सोयही आहे. एस्केपीज या आरव्ही क्लबची स्मार्टवे ही सेवा त्यासाठीच आहे. हे एकदा केलं की बाकीच्या चर्चेला आकड्यांचा आधार मिळतो.

आकडे काठावर आले तर मोठ्या लोड रेंजचा टायर हा सरळ उपाय. एसटी २२५/७५ आर १५ या एकाच आकारात सी रेंज २,१५० पौंड पेलतो, डी २,५४० आणि ई २,८३०. मात्र रिम तेवढ्या दाबाचा आणि वजनाचा असला पाहिजे. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, ८० साठी धातूचा लागतो. टायर बदलून ॲक्सलची क्षमता वाढत नाही, हेही लक्षात ठेवायचं. काही जण एसटी सोडून हलक्या ट्रकांचे एलटी टायर लावतात. ते वेगाला आणि उष्णतेला अधिक कणखर मानले जातात, पण जवळजवळ त्याच मापात कमी वजन पेलतात: एलटी २३५/८५ आर १६ चा ई रेंज ३,०४२ पौंड, तर एसटी २३५/८० आर १६ चा ३,४२०. ज्याच्या ट्रेलरला १६ इंची चाकं आहेत आणि वजन आटोक्यात आहे त्याला हा पर्याय चांगला. इतरांना नाही.

टीपीएमएस आपण स्वतः बसवून घेऊ शकतो. व्हॉल्व्हवर फिरवून लावायचे छोटे सेन्सर आणि डॅशबोर्डवर एक पडदा, एवढंच. पहिल्या प्रकारचं निकामी होणं, म्हणजे हळूहळू उतरणारी हवा, ती वेळेवर पकडते आणि यासाठी तिची किंमत सहज वसूल होते. दुसऱ्या प्रकाराबद्दल, सुटणाऱ्या पट्ट्याबद्दल, ती काही सांगत नाही, कारण हवा शेवटपर्यंत भरलेली असते. म्हणून दर दोन-अडीच तासांनी थांबून चारही टायरांजवळ जावं. एक टायर इतरांपेक्षा खूप तापलेला असेल तर हवा किंवा वजन पाहावं. चाकाचा मधला भाग तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक. आतली कड जास्त झिजली असेल तर ॲक्सल वाकलेला असू शकतो.

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं सहसा ट्रेलर विकत घेत नाहीत, भाड्याने घेतात. उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आले की ग्रँड कॅन्यन, झायन, यलोस्टोन असा बेत ठरतो आणि एखाद्या खासगी मालकाचा ट्रेलर आठ दिवसांसाठी घेतला जातो. करारात विमा, गाद्या, सांडपाणी यांची कलमं असतात. तेव्हा टायरांचं साल विचारायला, त्याचे फोटो मागायला आणि सहा वर्षांपुढचे टायर असतील तर नाही म्हणायला संकोच करू नये. वयस्क माणसांना घेऊन नेवाडाच्या वाळवंटात चार तास मदतीची वाट पाहणं हा त्रास नुसता गैरसोयीचा राहत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडे सध्या कॅराव्हॅन बहुतेक स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या आहेत, ओढून न्यायच्या ट्रेलरचं प्रमाण कमी आहे. ते वाढण्याआधीच राखीव क्षमता आणि टीपीएमएस यांच्या अटी घालून घेता येतील; अमेरिकेला हे नंतर जमवणं किती जड गेलं ते समोर आहे.

टायर फुटलाच तर ब्रेक दाबून धरू नये. वेग हळूहळू कमी करत शक्यतो पुढच्या एक्झिटपर्यंत, नाहीतर रस्त्याच्या कडेला जितकं आत जाता येईल तितकं जावं. रहदारीच्या बाजूचा टायर असेल तर स्वतः बदलण्यापेक्षा मदत बोलावणं चांगलं. जॅक ॲक्सलच्या नळीखाली लावू नये, चौकटीखाली लावावा, आणि चाकाचे नट ५० मैलांनंतर पुन्हा आवळावेत. स्टेपनीचंही साल पाहिलेलं असावं. ती वापरलेली नसली तरी तिचं वय बाकीच्या टायरांइतकंच वाढलेलं असतं. आणि त्याच बाजूच्या दुसऱ्या चाकाकडे लक्ष हवं. फुटलेल्या टायरचा भार मधल्या काळात त्यानेच वाहिलेला असतो, म्हणजे १,७६० पौंडांच्या टायरवर त्या काही मैलांत दुपटीच्या आसपास वजन आलेलं असतं. बाहेरून तो धडधाकट दिसतो. तरी पुढच्या गावात पोचल्यावर तो रिमवरून उतरवून आतून तपासून घ्यावा. तशी सोय नसेल तर तोही बदलावा.